टायरवरची चकाकी आणि टायरचे आयुष्य : बडोद्यातील चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

कारेलीबागेतील आमच्या घराजवळच्या एका वॉशिंग सेंटरमध्ये मी गेली चार वर्षे आमची लहान गाडी धुवायला नेते. तेथे आधी फोम वॉश, मग आतील व्हॅक्यूम आणि शेवटी टायर पॉलिश असा क्रम ठरलेला आहे. पॉलिश हवी का, असे कोणी विचारत नाही. ती धुण्याच्या चारशे रुपयांतच धरलेली असते. ओल्या काळ्या पाषाणासारखे लकाकणारे टायर पाहिले की आपले पैसे वसूल झाले असे मालकाला वाटते, आणि पहिली दोन वर्षे मलाही तसेच वाटत होते. ही चकाकी टायरला पोसते की पोखरते, हा प्रश्न मी मनावर घेतला तो त्यानंतर. त्या सेंटरची पॉलिश, दुकानातून आणलेली पाण्यावर आधारलेली पॉलिश आणि नुसते साबणपाणी या तिन्ही गोष्टी मी आमच्याच गाडीवर वापरून पाहिल्या, आणि त्यांबद्दल जे आढळले ते येथे लिहीत आहे.

प्रश्नाचे मूळ गाडीच्या खरेदीतच होते. २०२० च्या अखेरीस आम्ही ही गाडी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून घेतली, तेव्हा तिचे टायर इतके काळेभोर होते की ते नुकतेच बदललेले असावेत असा आमचा समज झाला, आणि विक्रेत्यानेही तो समज दूर केला नाही. महिनाभराने दांडिया बाजारातील आमच्या नेहमीच्या टायरवाल्याकडे अलाइनमेंटसाठी गाडी नेली. त्याने साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने एका टायरची बाजू खसखसून पुसली, आणि त्या काळ्या थराखालून केसासारख्या बारीक भेगांची जाळी वर आली. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. आमच्या टायरवर १४१३ असे होते, म्हणजे २०१३ सालचा चौदावा आठवडा. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच अंगाला असतात आणि ते अंग आतल्या बाजूला बसवले गेले असेल तर गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. आमच्याकडे चारांपैकी तीन टायर तसेच बसवलेले होते. सात वर्षे जुन्या, भेगा पडलेल्या टायरवर आम्ही महिनाभर अहमदाबादच्या एक्सप्रेसवेने ये-जा केली होती, ही गोष्ट आजही आठवली की मनात चर्र होते. जानेवारी २०२१ मध्ये चारही टायर नवे घेतले, आणि या अभिप्रायातील सर्व निरीक्षणे त्या नव्या टायरांवरची आहेत.

पॉलिशचा विचार करण्याआधी टायर स्वतःला कसा सांभाळतो हे समजून घेणे मला आवश्यक वाटले. बडोद्यात त्यासाठी माणूस शोधत फिरावे लागत नाही. वाघोडियाजवळ लिमडा येथे अपोलोचा आणि हालोलला सिएटचा टायर कारखाना आहे, आणि रबराच्या धंद्यात उभे आयुष्य घालवलेला एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या नात्यात निघतोच. माझे भाऊजी अशाच एका कारखान्यात रबराच्या मिश्रणाच्या विभागात होते. मी त्यांना सरळ विचारले, "भाऊजी, पॉलिशने टायर खराब होतो का हो?" तेव्हा ते म्हणाले, "अगं, पॉलिश म्हणजे काय ते आधी सांग. बाटलीत काय आहे हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

त्यांनी जे समजावून दिले त्याचा सारांश असा. टायरच्या रबरात नैसर्गिक आणि कृत्रिम रबराबरोबर काजळी, गंधक, झिंक ऑक्साइड आणि तेले असतात, आणि त्यांच्या जोडीला दोन राखणदार मिसळलेले असतात: एक विशिष्ट मेण आणि दुसरे ओझोनला अडवणारे रसायन, ज्याचे सर्वाधिक वापरले जाणारे रूप ६पीपीडी या नावाने ओळखले जाते. हवेतील ओझोन रबराच्या रेणूंमधील दुहेरी बंधांवर घाव घालतो, आणि रबर ताणलेले असेल तर त्या ताणाला काटकोनात भेगा पडतात. टायरची बाजू तर सतत वाकत असते. आमच्या गाडीचा टायर १६५/८० आर१४ मापाचा आहे. त्याचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो, म्हणजे एका किलोमीटरला त्याच्या बाजूचा प्रत्येक भाग पाचशेहून अधिक वेळा दबतो आणि पुन्हा सरळ होतो. दहा हजार किलोमीटरांत ही संख्या पन्नास लाखांच्या वर जाते. या दबण्या-सुटण्यानेच आतले मेण आणि ओझोनरोधक हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपतात आणि तेथे एक पातळ कवच धरून ठेवतात. म्हणूनच रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांना भेगा लवकर पडतात. उभ्या टायरमध्ये मेण वर येण्याचे काम मंदावते आणि ओझोनचे काम मात्र चालूच राहते.

टायरवर येणारा तपकिरी रंग हा या सगळ्याचा दृश्य पुरावा आहे, आणि त्याविषयीच सर्वांत मोठा गैरसमज आहे. त्याला आपण मळ समजतो, जुनाटपणा समजतो, आणि तो झाकण्यासाठी पॉलिश मागतो. वास्तविक ओझोनरोधक पृष्ठभागावर येऊन, ओझोनशी आणि प्राणवायूशी झुंजून खर्ची पडल्याची ती खूण असते. साबणपाण्याने तो रंग धुऊन काढण्यात काही गैर नाही, कारण खर्ची पडलेल्याची जागा आतून येणारे ताजे रसायन घेते. पण आतला साठा काही अखंड नसतो. तो कारखान्यात एकदाच भरलेला असतो, आणि जे काही त्याला निष्कारण बाहेर ओढून काढील ते टायरच्या आयुष्यातूनच वजा होते. पॉलिशच्या चांगल्या-वाईटाचा निवाडा मला याच एका कसोटीवर करावासा वाटतो.

आता बाटलीत काय असते ते. बाजारातील बहुतेक टायर पॉलिशमध्ये चमक आणणारा मुख्य घटक सिलिकोन तेल हाच असतो. फरक आहे तो त्याला वाहून आणणाऱ्या द्रवात. एका प्रकारात हे तेल पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळवलेले असते. ही पॉलिश पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलच्या वळणाचा वास असलेली असते, डब्यावर बहुधा ज्वालाग्राही असल्याचे चिन्ह असते, आणि तिची चमक आरशासारखी असते. दुसऱ्या प्रकारात तेच तेल पाण्यात बारीक थेंबांच्या रूपाने मिसळलेले असते; ही पॉलिश दुधासारखी पांढरी दिसते, तिला उग्र वास नसतो आणि वाळल्यावर ती मंद काळसर रंग देते. केवळ पांढऱ्या रंगावर मात्र विसंबू नये, कारण काही पांढऱ्या मिश्रणांतही थोडा द्रावक घातलेला असतो. घटकांच्या यादीत पेट्रोलियम डिस्टिलेट, नॅफ्था किंवा मिनरल टर्पेंटाइन लिहिले आहे का, हे वाचणेच खरे.

सिलिकोन तेलाविषयी माझ्या मनात जी भीती होती ती भाऊजींनी पहिल्याच बैठकीत घालवली. टायरचे हायड्रोकार्बन रबर आणि सिलिकोन तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे ते तेल टायरमध्ये शिरून त्याला फुगवत नाही. टायर साच्यात भाजताना त्याला आतून दाबणारी रबरी पिशवी टायरला चिकटू नये, म्हणून कारखान्यातच सिलिकोनयुक्त लेप वापरतात. ज्या पदार्थाचा स्पर्श टायरला जन्मतःच होतो तो पुढे त्याचा वैरी ठरेल असे मानण्याचे कारण नाही. द्रावकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. रबर आणि पेट्रोलियम हे एकाच कुळातले. ते एकमेकांना ओढून घेतात.

हे केवळ ऐकून मानण्यापेक्षा मी स्वयंपाकघरातल्या तीन झाकणाच्या काचेच्या बाटल्या घेतल्या. एकीत रंगाच्या दुकानातून आणलेले टर्पेंटाइन, दुसरीत वॉशिंग सेंटरमधून मागून आणलेली पॉलिश आणि तिसरीत पाण्यावर आधारलेली पॉलिश ओतली, आणि प्रत्येकीत एकाच पाकिटातला एक एक रबरबँड रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी टर्पेंटाइनमधला रबरबँड फुगून जाड आणि लांब झालेला होता, आणि दोन बोटांनी ओढताच तुटला. सेंटरच्या पॉलिशमधला तितका नाही, पण शेजारी कोरडा रबरबँड ठेवताच नजरेला येईल इतका फुगला होता. तिसरा होता तसाच निघाला. भाऊजींनी माझ्या उत्साहाला लगेच आवर घातला: रबरबँडमध्ये काजळी नसते, तो टायरच्या रबरापेक्षा पुष्कळ मऊ असतो, आणि टायरवर फवारलेला द्रावक बडोद्याच्या उन्हात थोड्याच वेळात उडून जातो, तर माझ्या रबरबँडला तो रात्रभर भोगावा लागला. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. एकदोनदा असली पॉलिश मारल्याने टायर खराब होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु दर पंधरवड्याला, म्हणजे वर्षातून पंचवीस-सव्वीस वेळा, आणि टायरच्या आयुष्यात शंभराहून अधिक वेळा तोच द्रावक पृष्ठभागावरचे मेण आणि ओझोनरोधक सैल करत असेल, तर त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मिशेलिन कंपनीने घरासारख्या वापरल्या जाणाऱ्या मोठ्या प्रवासी गाड्यांच्या टायरांसाठी दिलेल्या सूचनांतही अल्कोहोल किंवा पेट्रोलियम डिस्टिलेट असलेली टायर-उत्पादने टाळण्यास सांगितले आहे, कारण त्यांनी टायर बिघडतो आणि त्याला भेगा पडतात. अशा गाड्या दीर्घकाळ एका जागी उभ्या असतात, हे लक्षात घेतले की ही सूचना तेथेच इतक्या स्पष्टपणे का दिली आहे ते कळते.

जानेवारी २०२३ पासून मी गाडीवर खरा प्रयोग सुरू केला. डाव्या बाजूच्या दोन्ही टायरांना सेंटरची पॉलिश आणि उजव्या बाजूच्या दोहोंना साडेतीनशे रुपयांना आणलेली पाण्यावर आधारलेली पॉलिश, असा नियम वीस महिने पाळला. मधे टायरांची अदलाबदल करताना पुढचा-मागचा बदलू दिला, पण बाजू बदलू दिली नाही. सेंटरमधल्या मुलांना हा हट्ट प्रथम चमत्कारिक वाटला, पण त्यांनी तो मनापासून पाळला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पहिला फरक आठवड्यातच दिसला. डाव्या टायरांची चमक दुप्पट होती, पण तिच्यावर धूळ गुळावर बसावी तशी बसत असे, आणि तिसऱ्या दिवशी ते टायर पॉलिश न लावलेल्या टायरपेक्षाही कळकट दिसत. धुऊन निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत चाकाच्या मागे पांढऱ्या पत्र्यावर काळ्या थेंबांची रांग उमटे. ती साध्या पाण्याने निघत नसे. उजवीकडे चमक कमी, पण पंधरवडाभर एकसारखी टिकली, आणि एकही थेंब उडाला नाही, अर्थात लावल्यानंतर दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा पॉलिश पुसून घेतली तरच. एकदा घाईत पुसायची राहिली तेव्हा तिनेही पत्रा बरबटवला.

दुसरा फरक सावकाश दिसला. पहिल्या उन्हाळ्यानंतर डावे टायर पॉलिश धुऊन काढताच अधिक तपकिरी दिसू लागले, आणि दुसरा उन्हाळा संपता संपता डाव्या मागच्या टायरवर, बाजूवरच्या उठावदार अक्षरांच्या कडेला, अतिशय बारीक भेगा दिसल्या. उजव्या टायरांवर त्या नव्हत्या. परंतु आमच्या पार्किंगमध्ये गाडीची डावी बाजू पश्चिमेला उघडी असते आणि दुपारनंतरचे ऊन तिच्यावरच पडते. बडोद्याचा पारा मे महिन्यात चाळिशीच्या वर असतो. तेव्हा त्या भेगांचे सगळे पाप मी पॉलिशच्या माथी मारत नाही. ऊन आणि द्रावक दोघांनी मिळून ते केले असे मी समजते, आणि ज्या गाडीला सावली मिळत नाही तिच्या टायरांना द्रावकाची पॉलिश आणखी वर्ज्य मानते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमची गाडी अर्ध्या चाकांपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर सगळ्या वॉशिंग सेंटरांत रांगा लागल्या. आमचा नंबर आला तेव्हा तेथील मुले दिवसरात्र राबून थकलेली होती. गाडी धुऊन परत आली ती नेहमीप्रमाणे चकाकत्या टायरांसह. दुसऱ्या दिवशी मी हात फिरवला तर चकाकीखाली चिखलाचा वाळलेला थर तसाच होता. पॉलिश चिखलावरच मारली होती. तो थर साबणाने काढल्यावर डाव्या पुढच्या टायरच्या बाजूला, रिमच्या जवळ, नखभर लांबीचा काप निघाला. पाण्याखाली पडलेल्या पत्र्याचा किंवा फरशीचा असावा. टायरवाल्याने काप आतल्या धाग्यांपर्यंत गेल्याचे दाखवले आणि तो टायर त्याच दिवशी बदलावा लागला. मला त्या मुलांना दोष द्यायचा नाही. पण टायरला सर्वाधिक धोका कशाचा, असे मला कोणी विचारले तर मी रसायनाच्या आधी या झाकण्याचेच नाव घेईन. बाजूवरचा काप, फुगवटा, भेग, आणि बनावटीचे ते चार आकडे, हे सारे डोळ्यांनी पाहून कळणारे असते, आणि पॉलिश नेमके तेच पाहू देत नाही. २०२० साली विक्रेत्याच्या दारात जे घडले तेच चार वर्षांनी निष्काळजीपणामुळे पुन्हा घडले.

बाटल्यांवर उन्हापासून संरक्षणाचा दावा ठळक अक्षरांत असतो, त्याविषयीही लिहिणे भाग आहे. टायर काळा असतो तो काजळीमुळे, आणि तीच काजळी अतिनील किरण शोषून आतल्या रबराला वाचवते. सिलिकोन तेल स्वतः हे किरण शोषून घेत नाही. त्यासाठी वेगळा घटक घालावा लागतो. ज्या बाटलीवर तो घटक लिहिलेला नाही तिचा हा दावा मी विकत घेताना हिशेबात धरत नाही.

काही सेंटरांत पॉलिशऐवजी डिझेल मारतात, विशेषतः ट्रक आणि रिक्षांच्या टायरांवर, आणि त्या पहिल्या दिवशी टायर खरोखर नवा दिसतो. डिझेल द्रावकासारखे चटकन उडून जात नाही, ते रबरात मुरते. याहून वाईट गोष्ट टायरसाठी दुसरी नाही. आपल्या सेंटरच्या बिनलेबलच्या कॅनमध्ये काय आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मी विचारले तेव्हा आधी "चांगल्यातली आहे, ताई," एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला मालकांनी आतून मोठा डबा आणून दाखवला, त्यावर ज्वालाचे चिन्ह होते.

पॉलिश कोणतीही असो, ती जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार भागावर आणि ब्रेकच्या तबकडीवर अजिबात लागता कामा नये, कारण सिलिकोनचे काम घर्षण कमी करणे हेच आहे. म्हणून फवारणी करणाऱ्यापेक्षा स्पंजने लावणारा बरा. दुचाकीच्या टायरला तर ती लावूच नये. वळणावर दुचाकी कलते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. आमच्या शेजारच्या मुलाने बाइकच्या दोन्ही टायरांना हौसेने पॉलिश मारलेली पाहिली, तेव्हा मी त्याला ती माझ्यासमोर साबणाने धुवायला लावली होती.

या सेंटरच्या धुण्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्रा आणि आतली सफाई ते मन लावून करतात, आणि चारशे रुपयांत हे काम बडोद्यात रास्त आहे. त्यांच्या टायर पॉलिशला मात्र मी पाचपैकी एकच गुण देते. पाण्यावर आधारलेल्या पॉलिशला साडेतीन देते: ती टायरचे आयुष्य वाढवते असे मला आढळले नाही, पण वीस महिन्यांत तिने काही बिघडवल्याचेही दिसले नाही, आणि ज्याला काळा टायर आवडतो त्याने ती महिन्यातून एकदा, टायर धुऊन, वाळवून, नीट पाहून मग चमचाभर लावावी. सणावारी मीही लावते. दसऱ्याला गाडीची पूजा करताना टायर राखाडी असावेत हे मला स्वतःला पटत नाही.

एरवी आता सेंटरमध्ये गाडी देताना मी टायरला फक्त साबणपाणी आणि मऊ ब्रश असे सांगते, आणि धुऊन झाल्यावर टायर ओले असतानाच चारही चाकांभोवती एक फेरी मारते, कारण ओल्या, स्वच्छ रबरावर भेग सर्वांत स्पष्ट दिसते. गेल्या महिन्यात अशाच फेरीत उजव्या मागच्या टायरमध्ये घुसलेला खिळा सापडला. मुलांनी तो मला दाखवण्याआधीच काढून ठेवू नये म्हणून त्यांना थांबवले, स्टेपनी लावून घेतली आणि तो टायर दांडिया बाजारात नेला.